धूर धुण्याचा खर्च कोणी सोसायचा?

कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीजकेंद्रांनी धुरातील सल्फर डायऑक्साइडला आवर घालावा, असे बंधन केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये घातले. त्यासाठी दिलेली दोन वर्षांची मुदत पुढे वारंवार वाढवण्यात आली. अखेर ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांना, धुराड्याच्या उंचीची अट घालून, या यंत्रणेच्या सक्तीतून मुक्त केले.

वास्तविक हे तंत्र नवे नाही. धुरावर चुनखडीमिश्रित पाण्याचा फवारा मारला की त्यातील गंधकाचा वायू पाण्यात शोषला जातो आणि जिप्सम तयार होते. ते सिमेंटच्या कारखान्यांना उपयोगी पडते. किनाऱ्यावरील केंद्रांत समुद्राचे क्षारयुक्त पाणीच हे काम करते. मुंबईत ट्रॉम्बेच्या ५०० मेगावॅटच्या संचाला अशी यंत्रणा १९८० च्या दशकातच बसली. डहाणूच्या केंद्रात ती २००७ मध्ये सुरू झाली. मात्र ती सहजासहजी आली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्राधिकरणाने तिचा सातत्याने पाठपुरावा केला. चिकूच्या बागांच्या त्या तालुक्यात जे साधले, ते अन्यत्र अशक्य होते असे म्हणता येणार नाही.

सवलतीच्या समर्थनार्थ तीन मुद्दे मांडले जातात. भारतीय कोळशात गंधक कमी असते, बहुतेक शहरांच्या हवेत या वायूचे प्रमाण मर्यादेत आहे आणि चुनखडीच्या वापराने कार्बन डायऑक्साइडची भर पडते. हे मुद्दे निराधार नाहीत. पण अपुरे आहेत. हवेत मिसळलेला हा वायू वायुरूपातच राहत नाही. त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात, वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि थेट फुफ्फुसात शिरतात. त्यामुळे केवळ वायूचे मोजमाप करून निर्धास्त होणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय. उंच धुराडे प्रदूषण कमी करत नाही, ते फक्त दूर नेऊन सोडते.

यंत्रणा महाग आहे आणि तिचा भार अखेरीस वीजबिलावर पडतो, हे खरेच. परंतु ती न बसवल्याने होणारा खर्चही टळत नाही. तो दवाखान्यात चुकता होतो आणि त्याची नोंद कोणत्याही वीजकंपनीच्या ताळेबंदात सापडत नाही.

दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांलगतच्या केंद्रांना आता डिसेंबर २०२७ ची मुदत आहे. अतिप्रदूषित भागांतील केंद्रांचा निर्णय प्रकरणनिहाय होणार आहे. चंद्रपूरसारख्या, वर्षानुवर्षे धुराखाली राहणाऱ्या शहरांचे भवितव्य याच निर्णयांवर अवलंबून आहे. तेथे डहाणूसारखा पाठपुरावा होतो की आणखी एक मुदतवाढ मिळते, यावर या नियमाचे मोल ठरेल.