पेन्शन हजाराची दोन हजार झाली, तर गिरणी कामगाराला पाचशेचा तोटा?

आजरा, भुदरगड, चंदगड भागात लालबाग-परळच्या गिरणीत कुणी गेलंच नाही असं घर शोधावं लागतं. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दादरच्या कोहिनूर गिरणीच्या जागी आज टॉवर आहे, लोअर परळच्या फिनिक्समध्ये मॉल. आणि साच्यावर उभं राहिलेला माणूस आपल्या गावात सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडून पेन्शनची वाट बघतोय.

पण या सगळ्यांना पेन्शन आहे असं समजू नका. ईपीएस-95 योजना 16 नोव्हेंबर 1995 ला लागू झाली. त्याआधी 1971 ची कुटुंब पेन्शन होती, तीही मुख्यतः कामगार नोकरीत असताना वारला तर घरच्यांना. म्हणजे 1982-83 लाच ज्याचं काम सुटलं, त्याची वीस वर्षं भरली असली तरी हातात फक्त फंड आला. तो फंड घरावर कौलं घालण्यात नाहीतर पोरीच्या लग्नात गेला.

जे परत कामावर गेले आणि 1995 नंतरही टिकले, त्यांना पेन्शन बसली. ती एवढी कमी का? कारण 1995 पूर्वीच्या सेवेला पगाराचा हिशोब नाही, ठरावीक आकडा आहे. वीस वर्षांवर जुनी सेवा असली तरी मूळ रक्कम 150 किंवा 170 रुपये, त्यावर गुणक. वर महागाई भत्ता नाही. म्हणून 1 सप्टेंबर 2014 पासून किमान 1000 रुपये केले. तेव्हापासून गॅसची टाकी कुठं गेली, औषध कुठं गेलं, हजार तिथंच.

मागणी 7500 आणि महागाई भत्त्याची आहे. राज्यसभेच्या कोश्यारी समितीनं 2013 सालीच किमान 3000 सुचवले होते. हेच कोश्यारी पुढं आपले राज्यपाल झाले, शिफारस मात्र कागदावरच राहिली.

आता खरी मेख. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांवरील निराधाराला महिना 1500 मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत पाहिजे. म्हणजे महिना 1750. पेन्शनचे वर्षाचे 12 हजार धरून कुणी या अटीत बसत असेल, तर त्याच्या हातात 2500 येतात. उद्या दिल्लीनं मोठा उपकार केल्यासारखं पेन्शन 2000 केली, तर वर्षाचे 24 हजार होतात. दाखला मिळणार नाही, श्रावणबाळ बंद. अडीच हजारांचे दोन हजार झाले! 3000 केले तरी खरा फायदा पाचशेचाच. म्हणून पेन्शनवाढीच्या मोर्चात 21 हजारांची अट वाढवण्याची मागणीही जोडली पाहिजे. ती दिल्लीची नाही, मंत्रालयाची गोष्ट आहे, आपल्या आमदारांना विचारता येते.

ज्यांना पेन्शन सुरू आहे त्यांनी वर्षातून एकदा हयातीचा दाखला विसरू नये. बोटांचे ठसे झिजलेत म्हणून मशीन घेत नसेल तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला होतो, नातवाला बसवा. जानेवारी 2025 पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँक शाखेतून घेता येते. मुंबईच्या जुन्या खात्यासाठी एसटीनं दादर गाठायची गरज राहिलेली नाही.