पागोळी पडते कुठे?



गुढीपाडव्याचा हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बर्फ वितळलेला असेल, जमीन पाणी पिऊन जड झालेली असेल आणि न्यू जर्सीतल्या कितीतरी घरांत जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून कुणीतरी ओलीचा वास घेत असेल. सणाच्या अंकात बेसमेंटच्या गळतीचा विषय कशाला, असं वाटेल. पण आपल्या मराठी मंडळाचा निम्मा संसार बेसमेंटमध्येच आहे. गणपतीचं मखर, लेझीम, ढोल, नाटकांचे पडदे, मराठी शाळेची पुस्तकं हे सगळं सभासदांच्या घरी खाली ठेवलेलं असतं, कारण मंडळाला स्वतःची जागा नाही.

१ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाचा पाऊस आला तेव्हा मंडळाची सहा खोकी आमच्याकडे होती. त्या एका दिवसात नेवार्कला ८.४१ इंच पाऊस झाला. रात्री खाली गेले तर घोटाभर पाणी. बालनाट्यांच्या हाताने लिहिलेल्या संहिता, ज्यांच्या दुसऱ्या प्रती कुणाकडेच नव्हत्या, त्यांचा लगदा झाला होता. ती रुखरुख अजून गेलेली नाही.

पुढच्या आठवड्यात एका कंपनीचा माणूस येऊन भिंतींवरून हात फिरवून गेला. त्याचा उपाय: आतून फरशी फोडून चारी बाजूंनी चर, नवा पंप, वर वॉटरप्रूफ रंग. आकडा छाती दडपणारा होता आणि आजच सही केली तर सूट मिळणार होती. मी सही करायला निघालेच होते, तेवढ्यात राजापूरहून सासऱ्यांचा फोन आला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "अगं, छपराची पागोळी पडते कुठे?"

फोनचा कॅमेरा सुरू ठेवून मी घराभोवती फेरी मारली. छपराच्या कडेचं गटर पानांनी बुजलेलं होतं. गटरातलं पाणी खाली आणणाऱ्या नळाचं, म्हणजे डाउनस्पाउटचं, तोंड भिंतीपासून जेमतेम हातभर लांब. आणि पायालगतची माती वर्षानुवर्षं बसत जाऊन उतार घराकडेच झालेला. छपरावरचं सगळं पाणी आम्हीच पायाशी आणून ओतत होतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३६० लिटर पाणी जमतं. आयडाच्या दिवशी तेवढ्या छपरावरून जवळजवळ २०,००० लिटर उतरलं असणार. पुण्याच्या सोसायटीत येतात तसे १०,००० लिटरचे दोन टँकर भिंतीला लावून रिकामे केल्यासारखंच ते. कोकणात पावसाआधी पन्हळी साफ करतात, चर खणून पाण्याला वाट करून देतात. ते पाहत वाढलेल्या मला इथे ते एकदाही आठवलं नव्हतं.

मग गटर साफ केलं, डाउनस्पाउटला दहा फुटांची जोड दिली, पायालगत चिकण माती दाबून भरली आणि पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार काढला. दोन शनिवारांचं काम. तेव्हापासून नेहमीच्या पावसात खालची जमीन कोरडी राहिली आहे.

यानं सगळ्यांचं भागेल असं मी म्हणणार नाही. नदीकाठी, सखल भागात, जिथे जमिनीखालचं पाणीच वर चढतं, तिथे भिंत आणि फरशीच्या सांध्यातून झिरपा येतो. तिथे आतला चर आणि खड्ड्यात जमलेलं पाणी बाहेर फेकणारा संप पंप हाच खरा उपाय, आणि तो करावाच. माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी बाहेरचं पाणी दूर न्या, मग आत पैसे घाला. भिंतीला लोणा धरला असताना वरून रंग लावला तर बाहेरच्या पाण्याचा दाब तो रंग पापुद्र्यासारखा सोडवून टाकतो. ओल नेमकी कुठली हे कळत नसेल तर भिंतीवर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूला दव जमलं तर ती हवेतली ओल, तिला डीह्युमिडिफायर पुरतो. भिंतीच्या बाजूनं ओलं झालं तर पाणी बाहेरून येतं आहे.

पंप असेल तर आज खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो सुरू होतो का बघा. वादळात वीज जाते, म्हणून बॅटरीवरचा जोडपंप हवाच. विम्याची कागदपत्रंही काढा. नेहमीच्या घरविम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा बेसमेंटमधले गालिचे आणि फर्निचर भरून देत नाही, शिवाय तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते. आयडाच्या रात्री न्यूयॉर्क शहरात बेसमेंटच्या घरांत ११ माणसं गेली. आपल्याकडे उन्हाळ्यात आई-बाबा येतात आणि खाली शांत, गार असतं म्हणून त्यांची खोली तिथेच करतो. नव्यानं आलेले विद्यार्थी बेसमेंट भाड्यानं घेतात. बाहेर पाणी साचलं की त्याच्या दाबानं दार आतून उघडत नाही. पुराचा इशारा आपल्या फोनवर वाजतो, पण बाबांचा फोन रात्री बंद असतो. इशारा असेल त्या रात्री त्यांचं अंथरूण वर घाला. आणि पाणी शिरल्यावर कुणीही खाली उतरू नका. मी संहिता वाचवायला उतरले तेव्हा वीज सुरू होती. प्लगच्या उंचीपर्यंत पाणी पोचायला फार वेळ लागला नसता. मी तसं करायला नको होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी मंडळाचं सगळं सामान एकत्र आणून प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यांत भरायचं आणि जमिनीपासून उंच फळ्यांवर चढवायचं ठरलं आहे. स्कॅनर मी आणते. कुणाच्या कपाटात जुन्या नाटकांच्या प्रती असतील, कितीही फाटक्या असोत, त्या घेऊन या.

– संपादक