गुरुजी जातात का, आणि राहतील कशाने?

वाडीवरच्या भावा-बहिणींनो,

यंदाही शाळा उघडली आणि पहिली बातमी तीच, गुरुजींची बदली झाली. आपण शाल-नारळ दिला. पोरी रडल्या, गुरुजींचेही डोळे भरले. मग खालच्या शाळेतले गुरुजी दोन दिवस वर आले आणि नंतर तेही येईनासे झाले. झऱ्यावर बाया बोलत होत्या, "आपल्याकडं कोण टिकतंय? आपलं नशीबच तसलं."

मला या नशीब शब्दाचा राग येतो. वनखात्याने दळीवरून हाकललं तेव्हाही आपले म्हातारे नशीबच म्हणाले होते. पुढे संघटना झाली, कागद बघितले, तेव्हा कळलं की ते नशीब नव्हतं, कुणीतरी सही केलेली होती. गुरुजींचंही तसंच आहे.

मी चौथीपर्यंत वाडीवरच शिकले. चार वर्षांत तीन गुरुजी बघितले आणि सहा महिने कुणीच नव्हतं. त्यातले एक मराठवाड्याचे होते. घरी आम्ही कातकरी बोलतो, पुस्तकातलं मराठी आम्हाला परकं. ते गुरुजी आधी आमच्याकडून आमचे शब्द शिकले, मग आम्हाला त्यांचे शिकवले. मला वाचता आलं ते त्यांच्यामुळे. तीन वर्षं झाली आणि तेही गेले. म्हणून "सगळे मास्तर कामचोर" असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. कामचोर आहेत. अकराला येऊन तीनला खाली उतरणारे आपण सगळ्यांनी बघितलेत, त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण चांगले गुरुजीसुद्धा जातात. त्याचं कारण शोधलं पाहिजे.

पहिलं कारण नियमातच आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या. गावांचे दोन भाग केले, सर्वसाधारण क्षेत्र आणि अवघड क्षेत्र. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की शिक्षकाला बदलीचा हक्क. वशिलेबाजी कमी व्हावी म्हणून हे केलं, त्यात चूक नाही. पण याचा अर्थ काय निघाला? आपली वाडी म्हणजे तीन वर्षांची सजा आणि इथून सुटका म्हणजे बक्षीस. गुरुजींना पोर आपलंसं होईपर्यंत तीन वर्षं संपलेली असतात.

दुसरं कारण राहण्याचं. गुरुजींनी शाळेच्या गावी राहावं असा नियम आहे. पण राहायचं कुठं? वाडीवर आपल्यालाच धड घर नाही. रेवदंडा-नागाव पट्ट्यात खोली शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी ठेवतात. त्यांच्याकडून जे भाडं मिळतं ते नव्या शिक्षण सेवकाला झेपत नाही. त्याला पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन असतं. ते २०२३ पासून १६ हजार झालं, त्याआधी सहा हजारच होतं. मग तो अलिबागहून मिनीडोरने येतो आणि पुढे पाऊण तास चढतो. पावसात ओढा भरला की परत फिरतो. बाई असतील तर रानातून एकटीने यायचं, शाळेत संडासाला पाणी नाही. आपल्या लेकीला आपण अशी नोकरी करायला पाठवू का?

तिसरं, तो एकटा असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत. आपल्याकडे पहिली ते चौथी एका खोलीत आणि गुरुजी एक. त्यालाच शिकवायचं, खिचडीचा हिशेब लिहायचा, ऑनलाईन माहिती भरायची, मतदार यादी करायची. कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं सरकारी काम लावू नये. तरी कामं लागतातच. तो तालुक्याच्या मिटींगला गेला की त्या दिवशी शाळेला कुलूप.

चौथं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. गुरुजी आपल्यातला नसतो. मी बारावी झाले. मास्तरीण व्हायचं माझ्या मनात होतं. त्याला डी.एल.एड.ची दोन वर्षं, मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. एवढं करूनही नांदेडचा माणूस इथं आणि इथली पोरगी नांदेडला. मग दोघंही बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसणार. पाचव्या अनुसूचीतल्या भागासाठी राज्यपालांनी ९ जून २०१४ ला अधिसूचना काढली. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशी पदं तिथल्याच आदिवासींतून भरायची. पण रायगड पाचव्या अनुसूचीत नाही. कातकऱ्याला सरकार आदिम जमात म्हणतं, आणि पालघरच्या कातकऱ्याला जे मिळतं ते रायगडच्या कातकऱ्याला मिळत नाही. जमात तीच, फक्त जिल्ह्याची रेघ मधे आली.

आता आपल्याकडे बघू. दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्टीला आणि कोळशाला जाते. उचल घेतलेली असते, पोरंही बरोबर जातात. गुरुजी नोव्हेंबरात हजेरी घेतो तर समोर सात पोरं. शिकवणाऱ्या माणसाचं मन तिथंच खचतं. शिवाय आधार जुळलेलं पोरच पटावर धरतात. जन्माचा दाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून पोर मोजलंच जात नाही. पट कमी की पद कमी. मग साहेब म्हणतात, "पोरं नाहीत, शाळा कशाला?"

म्हणून मी म्हणते, गुरुजींचं जाणं आणि आपलं जाणं एकच आहे. दळीची जमीन नावावर असती, तिथं नाचणी-वरी आणि पुढे भाजीपाला निघाला असता, तर भट्टीची उचल कोण घेतो? वाडीखालची जागा आपली असती तर रस्ता, घर, गुरुजींची खोली कुणी अडवली असती? शाळेची मागणी आणि जमिनीची मागणी वेगळ्या ठेवू नका.

काय करायचं ते लिहिते.

एक. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाणी यांसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, पण ग्रामसभेची शिफारस लागते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाडीच्या रस्त्याचा आणि शाळेच्या जागेचा ठराव मांडा. ठरावाची नक्कल हातात घेतल्याशिवाय उठू नका.

दोन. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. आपल्याकडे अंगठा घेऊन नावं भरतात. यापुढे बैठकीला बसा. गुरुजी किती दिवस आले ते लिहा आणि त्यांना किती दिवस दुसऱ्या कामाला लावलं तेही लिहा.

तीन. भट्टीवर जायच्या आधी पोराचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. जमेल त्याने पोराला आजी-आजोबांकडे ठेवा आणि त्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह मागा. जन्मदाखला आणि आधारसाठी वाडीवरच शिबीर घ्या म्हणून तहसीलला अर्ज देऊ.

चार. रायगडच्या आदिवासी वाड्यांवर स्थानिक आदिवासी शिक्षक, ही मागणी जमिनीच्या मोर्चाच्या निवेदनात घाला. बारावी झालेल्या पोरी-पोरं आपल्यात आहेत. त्यांच्या डी.एल.एड.चा खर्च सरकारने करावा आणि त्यांना वाडीवरच नेमावं.

आणि नवे गुरुजी आले तर पहिल्याच दिवशी त्यांना विचारा, "तुम्हाला इथं राहायला काय लागेल?" निरोपाचा नारळ आपण बरेच वेळा दिला. आता येणाऱ्याला आधी भाकरी देऊ, आणि मग कामाचा हिशेबही मागू.

जिंदाबाद!