अशुद्ध रक्त? मग रक्तपेढीत काय असते?

"डॉक्टर, शिरेतले रक्त अशुद्धच असते ना? थोडे गेले तर बरेच की!"

पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता राग येतो. का येतो, ते सांगतो.

साठीच्या एका मावशींना रिक्षातून माझ्याकडे आणले. भाजीच्या गाडीवर उभे राहण्यात आयुष्य गेलेले, पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. आंघोळीच्या वेळी घोट्याजवळ वज्री लागली आणि शीर फुटली. दुखले काहीच नाही; मोरीतले पाणी लाल झाले तेव्हा कळले. घरच्यांनी खुर्चीत बसवले, पाय खाली सोडलेला, जखमेवर हळद, गुडघ्याखाली रुमाल आवळलेला. शेजाऱ्यांनी धीर दिला, "अशुद्ध रक्त आहे, जाऊ द्या, पाय हलका होईल." पाऊण तासाने आल्या तेव्हा अंग घामाने थंडगार, वरचे बीपी 80.

मी त्यांना आडवे केले, रुमाल सोडला, पाय उंच धरला आणि गॉजची घडी ठेवून बोटांनी दाबले. रक्त थांबले. मग सलाईन लावून मोठ्या रुग्णालयात पाठवले. त्या वाचल्या. पण जे मी केले ते घरातल्या शाळकरी मुलालाही पहिल्या मिनिटाला करता आले असते.

'अशुद्ध' हा शब्दच घातक आहे

शिरेतले रक्त घाण नसते. त्यात ऑक्सिजन थोडा कमी असतो, इतकेच. विश्रांतीच्या वेळी त्यातल्या हिमोग्लोबिनवर साधारण 70 ते 75 टक्के ऑक्सिजन शिल्लकच असतो. तुम्ही रक्तदान करता तेव्हा सुई कुठे टोचतात? हाताच्या शिरेतच! ते रक्त दुसऱ्याचा जीव वाचवते, मग पायाच्या शिरेतले तेवढे टाकाऊ कसे? मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असते सुमारे 5 लिटर. त्यात वाहून जाऊ द्यायला वेगळा 'अशुद्ध' साठा नसतो.

खुर्ची आणि रुमाल का नको?

उभे असताना घोट्याजवळच्या शिरेवर हृदयापर्यंतच्या रक्ताच्या उंच स्तंभाचा भार असतो. हा दाब सुमारे 90 मिलिमीटर भरतो. खुर्चीत पाय खाली सोडून बसले तरी तो बराच राहतो. आडवे झोपून पाय हृदयापेक्षा वर घेतला की तो एकदम उतरतो. टाकीच्या खालचा नळ आणि वरचा नळ, एवढाच फरक.

आवळलेल्या रुमालाने धमनी बंद होत नाही, वर जाणारी शीर मात्र दबते. रक्त पायात येत राहते, परतीची वाट बंद. मग ते जखमेतूनच बाहेर पडते.

म्हणून एवढेच करा

1. जिथे असाल तिथेच आडवे व्हा. चालत दवाखान्यात येऊ नका.
2. पाय उशांवर किंवा भिंतीला टेकवून उंच ठेवा.
3. स्वच्छ कापडाची घडी ठेवून थेट जखमेवर दाबा. घड्याळ लावून 10 मिनिटे, मध्ये उचलून बघू नका.
4. हळद, कॉफी, चुना काही नको.

रक्त उसळ्या मारत येत असेल, थांबत नसेल, चक्कर येत असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर दाब न सोडता झोपवूनच रुग्णालयात न्या.

रक्त थांबले म्हणजे काम संपले नाही. एकदा फुटलेली शीर पुन्हा फुटू शकते. कलर डॉपलर करून सर्जनना दाखवा.

आता माझी चूक

या मावशी तीन वर्षे बीपीच्या गोळ्यांसाठी माझ्याकडेच येत होत्या. मी दर वेळी दंडाला पट्टा बांधला. साडीचा काठ वर घ्या, पाय दाखवा, असे एकदाही म्हणालो नाही. घोट्याजवळची काळी पडलेली कातडी आणि पातळ त्वचेखालचा निळा फुगा मला आधीच दिसला असता. 'अशुद्ध रक्त' म्हणणाऱ्या शेजाऱ्यावर रागावण्याआधी हे मला कबूल केले पाहिजे.

तुमच्या आईचे, सासूबाईंचे, दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या वडिलांचे पाय आज उजेडात बघा. असा निळा फुगा दिसला तर फुटायची वाट पाहू नका. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्हीच पाय पुढे करा.