घरातले तळे

परीक्षा संपून सुटी लागली, की घरोघरी मुलांचे हट्ट सुरू होतात. कोणास मांजर हवे असते, कोणास कुत्र्याचे पिल्लू. गेल्या काही वर्षांत आमच्या परिचयाच्या बऱ्याच घरांतून मोठ्या मत्स्यालयाची मागणी ऐकू येते. या हौसेस आमचा मुळीच विरोध नाही. मोठ्या टाकीतले पाणी सहसा एकाएकी बिघडत नाही, त्यामुळे बरणीपेक्षा मासे तीत अधिक सुखाने राहतात. मात्र टाकी दुकानातून आणण्यापूर्वी गृहस्थाने घराचा विचार करावा, एवढेच आमचे सांगणे आहे. हे शहाणपण आम्हांस उशिराच सुचले, हे आधीच कबूल करतो.

प्रथम वजनाचा हिशेब. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे २५५ लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. त्यात काच, रेती, दगड आणि लोखंडी स्टँड मिळवले, की भार साडेतीनशे किलोच्या घरात जातो. पाच-सहा धडधाकट माणसे एकाच कोपऱ्यात रात्रंदिवस उभी राहावीत, तसा हा प्रकार आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या जुन्या वाड्यांत माडीखाली लाकडी कडीपाट असतो. तुळईचे भिंतीत गेलेले टोक ओलीने किंवा वाळवीने पोखरलेले असले, तरी वरून ते दिसत नाही. अशा घरात टाकी तळमजल्यावरच ठेवावी. नव्या घरातील सिमेंटच्या स्लॅबवरही ती खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत ठेवावी आणि याहून मोठी टाकी घ्यावयाची असल्यास बांधकाम जाणणाऱ्याचा सल्ला आधी घ्यावा.

स्टँड पाणसळ लावून अगदी समतल करावा. टाकी कललेली राहिली, तर काचेच्या सांध्यांवर विषम ताण येतो. काचेच्या तळाखाली थर्मोकोलचा पत्रा घालावा, म्हणजे एखादा खडा रुतून तळ तडकत नाही. पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर नव्हे, उंचीवर अवलंबून असतो. म्हणून टाकी जितकी उंच, तितकी काच जाड हवी. नवी टाकी प्रथम अंगणात समतल जागी भरून दोन दिवस पाहावी. नंतर पूर्ण रिकामी करूनच घरात न्यावी. भरलेली टाकी कधीही उचलू नये.

एवढी काळजी आम्हीही घेतली होती. चुकलो ते विजेपाशी. हवेचा पंप आणि तारांचा बोर्ड आम्ही सोयीसाठी स्टँडखाली जमिनीवर ठेवला. एके रात्री वीज गेली. पंप बंद पडताच टाकीतले पाणी हवेच्या नळीतून उलटे वाहू लागले आणि बोर्डावर ठिबकत राहिले. पहाटे वीज आली. आमचा सहा वर्षांचा नातू माशांना खाऊ घालण्यास अनवाणी धावत होता, तोच आमच्या सौभाग्यवतींना ओली सतरंजी दिसली. त्यांनी नातवास दारातच धरले आणि घराचा मुख्य खटका बंद केला. तो क्षण आठवला, की आजही आमच्या अंगावर काटा येतो.

त्याच दिवशी आम्ही मासे एका स्नेह्याकडे पोहोचवले, टाकी रिकामी केली आणि सारी मांडणी पहिल्यापासून केली. आता पंप पाण्याच्या पातळीहून उंच फळीवर असतो. शिवाय पाणी उलटे येऊ न देणारी झडप नळीत बसवली आहे. बोर्ड टाकीखाली नव्हे, बाजूच्या भिंतीवर आहे. प्रत्येक तार बोर्डाच्या खाली झोळ देऊन वर नेली आहे. तारेवरून ओघळणारा थेंब त्या झोळावरूनच खाली गळतो, पिनपर्यंत पोहोचत नाही. अर्थिंग तपासून घेतले आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवले. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व खटके बंद करावयाचे, हा घरचा नियम झाला आहे. थंडीसाठी हीटर असेल, तर तो बंद करून पंधरा मिनिटे थांबावे आणि मगच पाणी काढावे. तापलेला हीटर उघडा पडला, तर त्याची काच फुटते.

राहिला प्रश्न माशांच्या सुरक्षिततेचा. इंदुरास १९७८ पासून नळाने नर्मदेचे पाणी मिळते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माणसांचे रक्षण करते, परंतु माशांच्या कल्ल्यांस ते जाळते. दुकानात मिळणारे क्लोरीननाशक सांगितलेल्या प्रमाणात घातल्यावरच ते पाणी वापरावे. तेवढ्यानेही पाणी तयार होत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे नायट्रेट. पहिली दोन्ही द्रव्ये माशांस विषारी, तिसरे त्या मानाने सौम्य. हे जीवाणू गाळणीत आणि रेतीत वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर गाळणी अखंड चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले, की मासे आणावेत. तेही थोडे थोडे.

दुसऱ्या खेपेस आमची टाकी पाच आठवडे माशांवाचून उभी होती. येणारा प्रत्येक पाहुणा विचारी, "अहो, यात मासे कुठे आहेत?" आम्ही काही बोलण्यापूर्वीच नातू गंभीरपणे सांगे, "अजून पाणी तयार व्हायचंय." वाचकहो, आपल्या घरीही या उत्तराची लाज वाटू देऊ नका.