उसनवारीचे कलम

छापील नियतकालिकाचा अंक ग्रंथालयाने विकत घेतला म्हणजे तो त्याच्या मालकीचा होतो. परगावच्या अभ्यासकास त्यातील लेख हवा असल्यास त्याची प्रत पाठविता येते. ही देवघेव आपणांस नवी नाही. 1952 साली दिल्लीस निघालेले ‘इन्सडॉक’ लेखांच्या छायाप्रती व भाषांतरे देशभर पुरवीत असे.

संगणकीय माहितीसंग्रहाचे तसे नाही. तेथे ग्रंथालय बहुधा मुदतीपुरता वापराचा परवाना घेते, आणि दुसऱ्या ग्रंथालयास लेख द्यावा की नाही हे परवान्यातील एक कलम ठरविते. काही करारांत अशी उसनवारी सरळ निषिद्ध असते. काहींत ती असते, पण अशी की लेख आधी कागदावर छापावा व तो कागदच पाठवावा. मूळ संगणकीय प्रत धाडू नये. निमिषात पोहोचणाऱ्या वस्तूस मुद्दाम पायी चालविण्याचाच हा प्रकार होय!

प्रकाशकांची भीती मी निराधार म्हणत नाही. वर्गणी एकाने भरावी आणि शंभरांनी वाचावे, तर नियतकालिक चालावे कसे? परंतु त्यास मर्यादेचा उपाय आहे. अमेरिकेत 1976 च्या कायद्यासोबत आलेल्या मार्गदर्शक नियमांनुसार मागणाऱ्या ग्रंथालयाने एका नियतकालिकाच्या गेल्या पाच वर्षांतील अंकांतून वर्षाकाठी पाच लेखांपर्यंत प्रती मागवाव्यात. ब्रिटनने 2014 साली आणखी पुढे जाऊन ठरविले की, दुसऱ्या ग्रंथालयास लेखाची एक प्रत देण्याची कायद्याने दिलेली मुभा कोणत्याही कराराने हिरावता येणार नाही. आपल्या 1957 च्या कायद्यात असे कवच नाही. म्हणून आपली सारी भिस्त करारावर.

2025 साली सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर झाले. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके 6,300 हून अधिक सरकारी संस्थांस खुली करावयाची, हा तिचा हेतू. उपक्रम स्तुत्य खराच. पण खाजगी महाविद्यालयातील अध्यापक अथवा तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारा डॉक्टर या यादीत येत नाही. त्याला एखादाच लेख हवा असतो, आणि तो शेजारच्या सरकारी महाविद्यालयाच्या पडद्यावर दिसत असतो. पैसा त्याच्याही करातून गेलेला आहे. यापुढे करारांचे नूतनीकरण होईल तेव्हा दर ठरण्याआधीच, देशातील कोणत्याही ग्रंथालयास लेखाची संगणकीय प्रत पाठविण्याची मुभा, हवी तर संख्येची मर्यादा घालून, स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. एकदा दर मान्य केल्यावर प्रकाशक हे कलम कशाला देईल?