आधी गंज, मग रंग

आजोबांची प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली गंजतेय आणि सुट्टीत ती घरीच नवी करायचं डोक्यात आहे? बिनधास्त करा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता उरल्यात त्या अशाच, कुणाच्या तरी अंगणात. फक्त रंगाचा डबा आधी आणू नका.

आधी पायाखालचं मॅटिंग उचला, स्क्रू ड्रायव्हरने पत्रा टोचून बघा. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालचा पत्रा भुसभुशीत लागला तर ते काम वेल्डरचं, तुमचं नाही. पुट्टी फासून चकाचक केलेली गाडी आतून पापड असते, आणि त्यात तुम्ही मित्रांना बसवणार! वरवरचा गंज मात्र वायर ब्रशने स्वतः घासा, त्याच दिवशी प्रायमर मारा. खोललेला प्रत्येक नट नाव लिहिलेल्या पिशवीत.

आणि आरसी? १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. गाडीने पन्नाशी ओलांडली असेल तर व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. पण मूळ इंजिन-बॉडीत मोठे बदल चालत नाहीत, आणि रोज कॉलेजला नेणं विसरा.

गाडी आजोबांच्या नावावर आहे ना? मग पाना उचलण्याआधी त्यांना विचारा. चोक नेमका किती ओढायचा, हेही त्यांनाच माहीत असणार.